छोटे लेबल, मोजक्या प्रती : प्रायोगिक संगीताच्या प्रकाशनाचा एक अभ्यास

‘लेबल’ हा शब्द आज आपण संगीत प्रकाशित करणाऱ्या संस्थेला सर्रास लावतो. मुळात तो तबकडीच्या मध्यभागी चिकटवलेल्या गोल कागदाचा वाचक. त्या कागदावर कंपनीचे नाव, कलावंताचे नाव, रागाचे वा गीताचे नाव आणि एक क्रमांक एवढाच मजकूर मावत असे. कारखाना, दुकाने, जाहिरातखाते आणि भांडवल हे सारे मोठ्या कंपनीतून वजा केले, तर शेवटी हा कागद उरतो. हे संगीत कोणाचे, ते कोणी काढले आणि कितवे, एवढे तो सांगतो. ज्यांच्याजवळ भांडवल नाही त्यांचे लेबल म्हणजे जवळजवळ हा कागदच होय.

असे लेबल काळेवाडीसारख्या वस्तीतून चालवता येईल काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. पवनेच्या अलीकडे पिंपरीचे कारखाने आणि बाजार, पलीकडे काळेवाडी. कामगारांच्या तीन पाळ्यांवर जिचे झोपणे-उठणे ठरले, अशी ही वस्ती. येथे भजनी मंडळे आहेत, ढोल-ताशांची पथके आहेत, गावाकडून हलगी आणि संबळ घेऊन आलेली माणसे आहेत. आणि अलीकडे एखाद्या खोलीत संगणकावर विचित्र वाटणारे ध्वनी जुळवीत बसलेली महाविद्यालयीन मुलेही आहेत. या शेवटच्या मंडळींचे संगीत कोणी छापत नाही. ते मोबाईलमध्ये राहते, मोबाईल बदलला की जाते.

प्रथम शब्दांचा थोडा निवाडा करू. इंग्रजीतल्या ‘अंडरग्राउंड’ला आपण ‘भूमिगत’ म्हटले की आपल्या वाचकाला बेचाळीसची चळवळ आठवते, आणि ते योग्यच आहे. १९४२ साली मुंबईतून काही काळ चाललेले उषा मेहतांचे काँग्रेस रेडिओ हे खरेखुरे भूमिगत प्रसारण होते. येथे अर्थ तितका धोक्याचा नाही. बाजाराला नको असलेले, आकाशवाणीच्या चौकटीत न बसणारे, आणि त्याची खंत न बाळगणारे संगीत, एवढाच अर्थ घ्यावा. ‘प्रायोगिक’ हा शब्द मात्र आपल्या परिचयाचा आहे. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जी नाटके होऊ लागली त्यांना आपण प्रायोगिक रंगभूमी म्हणतो. ज्या प्रयोगाचे फलित आधी ठाऊक नसते, तो प्रायोगिक. नाटकाला एक शाळेचे सभागृह पुरले. संगीताला ते पुरत नाही असे नव्हे. पण संगीताला ध्वनिमुद्रणाची सोय असल्यामुळे त्याच्यापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. वाजवून झाल्यानंतर ते कोठे ठेवायचे?

महाराष्ट्रात अशा लेबलांची परंपरा नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. ते पूर्णपणे खरे नाही. परंपरा आहे, पण ती निरनिराळ्या नावांनी विखुरलेली आहे.

१९३५ च्या सुमारास मुंबईत नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने ‘यंग इंडिया’ या नावाने तबकड्या काढण्यास आरंभ केला. त्या वेळी या देशातील बाजार मुख्यतः एच.एम.व्ही. आणि तिच्या भगिनी कंपन्यांच्या हाती होता, आणि नावाजलेले गायक त्यांच्याशी करारांनी बांधलेले होते. मग यंग इंडियाने काय केले? नवखे, होतकरू, हौशी अशा कलावंतांना तबकडीवर येऊ दिले. या तबकड्यांतील सर्वच संगीत श्रेष्ठ होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्यांचा आवाज अन्यथा कोठेच उरला नसता अशांचे आवाज त्यामुळे उरले. सुमारे वीस वर्षे चालून ही कंपनी बंद पडली. तिच्या तबकड्यांची आज जी माहिती मिळते ती बव्हंशी संग्राहकांच्या चिकाटीमुळे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने असे पुष्कळ काम केले आहे. कंपनी गेली आणि क्रमांक छापलेला तो गोल कागद संशोधकाच्या उपयोगी पडला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरा नातलग संगीतातला नाहीच. तो साहित्यातला आहे आणि माझ्या मते सर्वांत जवळचा आहे. १९५४ साली अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ आदी तरुणांनी ‘शब्द’ हे सायक्लोस्टाईल केलेले अनियतकालिक काढले. १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचे ‘असो’ आले. त्यानंतर लघुअनियतकालिकांची जी लाट आली तिच्याविषयी आपल्या मराठी विभागात शिकवले जाते, म्हणून येथे विस्तार करीत नाही. मला महत्त्व वाटते ते पुढच्या पायरीचे. शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’ने १९७७ साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह काढला, आणि त्याच प्रासने पाव शतकानंतर ‘भिजकी वही’ही काढली. एका कवीची वाट पाहत एक छोटा प्रकाशक इतकी वर्षे थांबतो, मोठा झाला नाही म्हणून बंदही पडत नाही. व्यापाराच्या दृष्टीने हे वेडेपण. प्रायोगिक संगीताच्या लेबलला मात्र याहून चांगला आदर्श सापडणे कठीण.

तिसरा नातलग कॅसेटचा. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली. आपल्याकडे १९८० च्या दशकात ती घरोघर गेली आणि तबकडीच्या कारखान्याची मक्तेदारी मोडली. तबकडी दाबायला कारखाना लागतो. कॅसेटची प्रत काढायला टेबलावर मावणारे यंत्र पुरते. पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊससारखी संस्था शास्त्रीय गायकांच्या कॅसेट स्वतः काढू लागली. दुसरीकडे, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप आणि त्यांच्यासारख्या अनेकांच्या भीमगीतांच्या कॅसेट चैत्यभूमीच्या आणि दीक्षाभूमीच्या परिसरातील पथाऱ्यांवर विकल्या गेल्या. ज्यांना हे संगीत हवे होते ती माणसे ६ डिसेंबरला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला एकत्र येत होती. मालही तेथेच गेला. शहरातील चकचकीत दुकानात आपली कॅसेट ठेवून घ्यावी म्हणून खेटे घालणाऱ्यांना त्या पथारीवरून शिकण्यासारखे खूप आहे.

अलीकडचे उदाहरण म्हणजे अंडरस्कोअर रेकॉर्ड्स. गायिका शुभा मुद्गल आणि तबलावादक अनीश प्रधान यांनी २००३ साली ते सुरू केले. कलावंतांनी आपले संगीत स्वतः प्रकाशित करावे आणि त्याच्या विक्रीला एक स्वतंत्र मार्ग असावा, ही त्यामागील भूमिका. याच मंडळींनी पुण्यात २००९ पासून काही वर्षे ‘बाजा गाजा’ हा उत्सव भरवला. त्यात शास्त्रीय, लोक, जॅझ आणि ज्याला नाव देता येत नाही असे संगीत शेजारीशेजारी ऐकायला मिळाले. उत्सव थांबला. मोठ्या उत्सवाचा खर्च आणि छोट्या लेबलचा खर्च या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि पहिलीला पुरस्कर्ता लागतोच.

आता परदेशाकडे वळू. पण फार वेळ नाही. लंडनमध्ये १९७६ साली थ्रॉबिंग ग्रिसल या चौघांच्या गटाने ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ नावाचे लेबल काढले. ‘औद्योगिक संगीत’ ही संज्ञा पुढे जगभर पसरली ती येथून. हॅकनी भागातील एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत, तळघरात, त्यांचे वाजवण्याचे ठिकाण होते. १९७७ साली त्यांनी पहिली दीर्घ तबकडी काढली, तिच्या प्रती ७८५. हा विचित्र आकडा कोठून आला? हातात जेवढे पैसे होते तेवढ्यात तेवढ्याच प्रती निघत होत्या, म्हणून! पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्या मुलाला या कथेची गंमत वाटल्यावाचून राहत नाही. त्यांनी कारखान्यावरून नाव घेतले तेव्हा त्यांच्या भोवतालचे कारखाने बंद पडत होते. आपल्याकडे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढच्या दशकात टेल्को आणि बजाज आल्या, आणि प्रेसचा आवाज अजून थांबलेला नाही. तरी औद्योगिक संगीत ऐकायचे तर आपण लंडनचेच ऐकतो.

त्याआधी, १९५० नंतरच्या दशकात, शिकागोत सन रा आणि आल्टन अब्राहम यांनी ‘सॅटर्न’ हे लेबल चालवले. त्यांची काही वेष्टने वादक स्वतः हाताने रंगवीत, प्रती फार थोड्या काढीत आणि मैफिलीच्या जागी विकीत. या दोन्ही उदाहरणांत वादक आणि प्रकाशक एकच आहेत. त्यामुळे मूळ ध्वनिमुद्रण, म्हणजे ज्याला ‘मास्टर’ म्हणतात ते, त्यांच्याच घरी राहिले. एरवी ही बाब दुय्यम समजली जाते. ती तशी का नाही, ते आपल्याच देशातील दोन घटनांवरून दिसेल.

मुंबईतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली, त्या वेळी नव्याने आलेल्या जपानी इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ती तबकडी देशातील सर्वांत मोठ्या कंपनीने, म्हणजे एच.एम.व्ही.ने, काढली. ती खपली नाही, आणि विषय संपला. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली आणि २०१० साली परदेशातील एका छोट्या लेबलने तिची पुन्हा आवृत्ती काढली. तेव्हा जगभरचे लोक थक्क झाले. ‘अ‍ॅसिड हाऊस’ म्हणून जे संगीत पुढे शिकागोत जन्मले, त्याच्याशी हे कमालीचे मिळतेजुळते होते. सिंग त्या वेळी सत्तरीत पोहोचले होते. २०१५ साली ते वारले. छोट्या संगीताला मोठा प्रकाशक मिळाला की त्याचे भले होते, ही समजूत या घटनेने खोटी ठरते. मोठ्या गोदामात न खपलेली तबकडी ही केवळ एक नोंद असते. छोट्या लेबलच्या दहा तबकड्यांपैकी ती एक असती, तर कोणीतरी ती वर्षानुवर्षे हातात धरून हिंडले असते.

दुसरी घटना अहमदाबादची. तेथील राष्ट्रीय डिझाईन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या साहाय्याने मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. काही वर्षे गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई आदींनी तेथे काम केले. नंतर स्टुडिओ थांबला, आणि ती टेप संस्थेच्या संग्रहात पडून राहिली. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने ती शोधली, आणि २०२३ साली लंडनहून ती तबकडीरूपात आली. येथे कलावंत होते, यंत्र होते, सरकारी पैसाही होता. लेबल तेवढे नव्हते. अर्धे शतक मधे गेले ते त्या एका उणिवेपायी. संस्थेने टेप जपून ठेवल्या हे मोलाचे आहेच, पण जपणे आणि काढणे ही कामे वेगळी आहेत.

आता प्रत्यक्ष व्यवहार. ज्यांना हिशेबाचा कंटाळा आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद तरी सोडू नयेत. लेबले येथेच बुडतात.

प्रतींची संख्या ही पहिली गोष्ट. समजा, काळेवाडीतील तिघांनी मिळून एक कॅसेट काढायची ठरवली. (कॅसेट पुन्हा आली आहे, छोट्या लेबलांना ती आवडते, कारण शंभर प्रतींचे काम घेणारा मिळतो.) हिशेबापुरते धरू की शंभर प्रती काढल्यास वेष्टनासह एक प्रत २०० रुपयांना पडते, एकूण २०,००० रुपये. विक्रीची किंमत ३५० ठेवली तर ५८ प्रती विकल्यावर घातलेले पैसे निघाले. पंधरा प्रती कलावंतांना, दहा परीक्षणांसाठी व ग्रंथालयांसाठी दिल्या, तरी ७५ उरतात. त्या सर्व गेल्या तर ६,२५० रुपये हाती राहतात. आता कारखानदार सांगेल की ५०० प्रती घ्या, प्रत १२० रुपयांतच देतो. प्रत स्वस्त झाली, पण एकूण ६०,००० रुपये गुंतले आणि १७२ प्रती विकेपर्यंत आपण तोट्यात. प्रायोगिक संगीताचे १७२ गिऱ्हाईक एका शहरात आहेत काय? नाहीत. उरलेली खोकी पलंगाखाली जातात आणि दुसरी कॅसेट निघतच नाही. प्रतीची किंमत पाहू नये, पहिल्या रुपयापासून शेवटच्या रुपयापर्यंत आपण किती खोलात उतरतो ते पाहावे. ७८५ हा आकडा म्हणूनच मला शहाणपणाचा वाटतो.

इंटरनेटवर नुसत्या ध्वनिफिती विकता येतात, मग प्रती कशाला, असे कोणी विचारील. तेथील व्यवहारही पाहू. २००८ साली सुरू झालेल्या बँडकॅम्पवर श्रोता थेट कलावंताकडून विकत घेतो, आणि डिजिटल विक्रीत संस्था साधारण १५ टक्के ठेवते. हा सौदा वाईट नाही. स्पॉटिफायने मात्र २०२४ पासून असा नियम केला की गेल्या बारा महिन्यांत एखादे गीत किमान १,००० वेळा ऐकले गेले नसेल तर त्याचे मानधन निघतच नाही. लोकप्रिय संगीताला ही मर्यादा जाणवणारही नाही. चाळीस मिनिटे चालणाऱ्या एकाच ध्वनीरचनेला ती भिंतच आहे. तिचे चाळीस श्रोते ती कितीही मनापासून ऐकोत. म्हणून असल्या ठिकाणी संगीत ठेवावे ते ओळख व्हावी म्हणून, पैशासाठी नव्हे. पैसा येतो तो हातात दिलेल्या वस्तूतून आणि कार्यक्रमाच्या दारातील टेबलावरून. चैत्यभूमीची पथारी येथे पुन्हा आठवावी.

यानंतर कागद. मित्रामित्रांत करार कसला, असे आपण म्हणतो, आणि मैत्रीही घालवून बसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा कर्ता ‘निर्माता’ मानला जातो, म्हणजे ज्याने ते करण्यात पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. तेव्हा काही लिहिले नाही तर वाजवणाऱ्याऐवजी लेबल चालवणारा मालक ठरण्याचा संभव असतो, त्याच्या मनात तसे नसले तरीही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी लागते. त्या लेखात मुदत नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश नसेल तर भारतापुरता धरतो. आणि फार थोड्यांना ठाऊक असलेले एक कलम असे की, हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरलेच नाहीत, आणि करारात वेगळे काही म्हटलेले नसेल, तर ते त्याच्याकडून सुटतात. मोठ्या कंपन्यांच्या छापील करारात हे ‘वेगळे काही’ बहुधा असतेच. छोट्या लेबलने ते घालू नये. एका पानाचा मराठी करार पुरे : मालकी वादकाची, लेबलला तीन वर्षे प्रती काढण्याची परवानगी, खर्च निघाल्यावर निम्मे-निम्मे, आणि मास्टरची एक प्रत दोघांकडेही. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. यंग इंडियाच्या तबकड्या आज त्यातून मोकळ्या झाल्या आहेत, हेही अभ्यासकांनी लक्षात घ्यावे.

मास्टर कसा ठेवावा याविषयी थोडके. एमपी३ ही ऐकण्याची सोय आहे, मूळ नव्हे. आकार लहान करताना तीत ध्वनीचा काही भाग कायमचा टाकून दिलेला असतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची स्टिरिओ फाईल तासाला साधारण एक जीबी जागा घेते. इतकी जागा आज कोणालाही परवडते. अशा तीन प्रती, त्यांतील एक दुसऱ्याच्या घरी. सोबत एका कागदावर तारीख, जागा, वादक, वाद्ये आणि लेबलचा क्रमांक. पहिल्या ध्वनिमुद्रणाला क्रमांक एक देण्यात कसला संकोच? यंग इंडियाच्या संग्राहकांना विचारावे, तो क्रमांक किती कामाचा असतो ते.

अखेर, काळेवाडीच्या लेबलने काढायचे काय? मला भीती वाटते ती अशी की आपली मंडळी बर्लिन वा लंडनच्या गोंगाटाची नक्कल करतील आणि तिला प्रयोग म्हणतील. आपल्या कानांशी असलेली सामग्री काही कमी नाही. थेरगाव-काळेवाडीच्या बाजूला लहान वर्कशॉप आहेत. तेथील पॉवर प्रेसची लय वेगळी, कॉम्प्रेसरची वेगळी, आणि लेथवर धातू कापला जाताना निघणारा स्वर चढत-उतरत जातो. प्रेस चालवणाराच संध्याकाळी भजनात पखवाज घेऊन बसतो, हे येथे नवल नाही. दिवसभर हाताला बसलेली यंत्राची लय त्याच्या पखवाजात उतरते काय? हा प्रश्न समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याचाही आहे आणि संगीतकाराचाही. त्याचे उत्तर प्रश्नावलीने मिळणार नाही, ध्वनिमुद्रणाने कदाचित मिळेल. मात्र त्या माणसाचे नाव वेष्टनावर वादक म्हणून यावे, पार्श्वध्वनी म्हणून नव्हे. निम्म्याचा हिशेब त्यालाही लागू.

ध्वनिमुद्रणाचा दिवस गुरुवार बरा. देखभालीसाठी आपल्याकडे गुरुवारी वीज बंद ठेवण्याची रीत आहे, आणि पुष्कळ वर्कशॉपची सुट्टीही त्याच दिवशी. पंखे थांबलेले, प्रेस गप्प. बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर घेऊन त्या शांततेचे अर्ध्या तासाचे मुद्रण प्रथम करावे, आणि मग शुक्रवारी सकाळी, पहिली पाळी सुरू होताना, त्याच जागी, रेकॉर्डर त्याच टेबलावर ठेवून, दुसरे. कॅसेटच्या दोन बाजू तीस-तीस मिनिटांच्या असतात.